झोटेरो: बेळगावात एमए-पीएचडी करणाऱ्यांनी टाकून घ्याच

ज्यांचं प्रबंधाचं काम चाललंय आणि अजून वहीत, मोबाईलच्या फोटोत, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून संदर्भ जपताय त्यांच्यासाठी लिहितोय. झोटेरो म्हणून संदर्भ, पीडीएफ आणि नोट्स एका जागी जपायचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या इतिहासवाल्यांनी २००६ ला काढलं, म्हणजे जुने कागद चाळणाऱ्यांनीच केलंय आणि वापरताना ते कळतं बगा. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आता मोबाईलवर पण आहे.

माझा विषय १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव. आता आपल्या भागात असल्या विषयावर काम म्हणजे तीन भाषा आल्याच, १८८४ चं बेळगाव गॅझेटियर इंग्रजीत, वर्तमानपत्रं आणि चरित्रं मराठीत, स्थानिक इतिहासाची कितीतरी पुस्तकं कन्नडमध्ये. शाळेत कन्नड शिकलोय त्यामुळे वाचता येतं पण सावकाश, आणि एवढ्या मेहनतीनं वाचलेलं परत शोधत बसायची पाळी आली तर जीव जातो. झोटेरोत तिन्ही लिपीतलं एकाच जागी राहतं, टॅग लावला की मराठी नाव काय कन्नड नाव काय, सगळं एकदम समोर.

खरी कमाल पीडीएफ वाचताना आहे. ब्राउझरमधनं एका क्लिकवर पुस्तक किंवा लेख आत येतो, झोटेरोतच उघडायचा, हवी ती ओळ पिवळी करायची, बाजूला आपलं मत टाईप करायचं, आणि शेवटी सगळ्या खुणांची मिळून एक नोट बनवता येते. प्रत्येक अवतरणापुढे लेखक आणि पान आपोआप येतं आणि त्यावर क्लिक केलं की थेट त्या पानावर जातो. आमचे सर चॅप्टर हातात घेतला की पहिलं विचारतात, "हे कुठल्या पानावर आहे सांग बघू." आता सरांच्या समोरच उघडून दाखवतो की ओ.

एक गोष्ट मात्र नीट बघा. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकात कव्हर, प्रस्तावना, अनुक्रमणिका धरून पीडीएफचं पान वेगळं आणि छापील पान वेगळं असतं, आणि संदर्भात छापीलच पाहिजे. खुणेच्या तीन टिंबांवर जाऊन पान नंबर बदलता येतो आणि इथनं पुढची सगळी पानं असं पण सांगता येतं, म्हणजे एकदाच करायचं. आवृत्तीचा रकाना पण भरा. गांधीजींचं बेळगावचं अध्यक्षीय भाषण समग्र वाङ्मयाच्या छापील इंग्रजी आवृत्तीत २५ व्या खंडात आहे, पण ती मालिका १०० खंडांची आणि नंतर आलेली इलेक्ट्रॉनिक ९८ खंडांची, खंड-पान काही जुळत नाही. कुठली वाचली ते लिहिलं नाही तर परीक्षकाला ते पान सापडणारच नाही.

वर्डमध्ये याचा टॅब येतो, लिब्रे ऑफिस आणि गूगल डॉक्सला पण जोडता येतं. मजकुरात संदर्भ घालत गेलं की शेवटची यादी आपोआप तयार होते, आणि गाईडनी एमएलए नको एपीए करा (या संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धती) म्हटलं की स्टाईल बदलायची, बास. हाताने केलं तर आठवडा जातो त्यात.

आता मराठीवाल्यांना कुठं त्रास होतो ते पण सांगतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टाकला की झोटेरो माहिती स्वतः भरतं, पण आपल्या जुन्या पुस्तकांना तो नसतोच, असला तरी बऱ्याचदा माहिती रोमन लिपीत येते, त्यामुळे नाव, प्रकाशक, गाव, साल हातानेच भरायचं. पुस्तक वाचनालयात हातात आहे तेव्हाच भरा, नंतर त्यासाठी परत चक्कर होते. आडनावाचा रकाना वेगळा आहे, पण महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल असा सरकारी काही असेल तर दोन रकान्यांचा एक करायचं बटण तिथंच आहे. इंग्रजी स्टाईल ठेवली की मराठी लेखकांच्या मध्ये पण इंग्रजी अँड येतं आणि देवनागरी नावं यादीत इंग्रजीच्या खाली जातात, मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे शेवटी हाताने सुधारायचं. नुसता फोटो असलेल्या स्कॅनमधली ओळ पिवळी होत नाही, तिथं चौकट ओढून तेवढा तुकडा घ्यायचा, तो नोटमध्ये चित्र म्हणून येतो. जुन्या फॉन्टमधल्या मराठी पीडीएफचं कॉपी केलेलं भलतंच उमटतं, ते वाक्य परत टाईप करण्याशिवाय इलाज नाही.

एवढं असून पण मी म्हणेन घ्याच. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमात दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की काम परत येतं, आणि नीट संदर्भ दिलेलं अवतरण त्यात धरत नाहीत. म्हणजे कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं पुस्तकातलं हे नोट घेतानाच वेगळं राहिलं पाहिजे, आणि झोटेरोत पुस्तकातलं अवतरण चिन्हात पानासकट येतं, आपलं मत त्याच्या पुढे, चिन्हाबाहेर.

पैशाचं म्हणाल तर ऑनलाईन जागा फुकटात ३०० एमबी मिळते, स्कॅन पीडीएफना ती लई कमी. पण संदर्भ आणि नोट्स त्यात मोजत नाहीत, फक्त फाईली मोजतात. त्यामुळे सेटिंगमध्ये फाईलींचं सिंक बंद ठेवा, पीडीएफ कॉम्प्युटरवरच राहू देत आणि झोटेरो बंद करून त्याचं पूर्ण फोल्डर दर रविवारी पेन ड्राईव्हवर कॉपी करा.