एक्स्ट्रॅक्शन ऑटोमेट करायचंय : बीडवाला रोबो घ्यावा, बंद कार्ट्रिज की स्वतःची चिप?

छोटी मॉलिक्युलर लॅब काढणारे सगळ्यात आधी विचारतात पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती वाढवून जंतू शोधणारं) कोणतं घेऊ, आणि माझं म्हणणं असं की तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. पीसीआर मशीनं आता बरीचशी सारखीच चालतात, घोळ होतो तो त्याच्या आधी, थुंकीतनं नाहीतर स्वॅबमधनं डीएनए-आरएनए स्वच्छ काढताना, म्हणजेच एक्स्ट्रॅक्शनमध्ये. इथेनॉलचा थेंब मागे राहिला, ग्वानिडिन (पेशी फोडायला वापरलेलं रसायन) राहिलं, की कितीही भारी मशीन असू दे, कर्व्ह (प्रती वाढल्याचा आलेख) उशिरा वर येतो किंवा येतच नाही.

सगळ्या पद्धतींच्या मुळाशी एकच युक्ती आहे. 1990 मध्ये रेने बूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्वानिडिनियम थायोसायनेट भरपूर असेल तर न्यूक्लिक अ‍ॅसिड (म्हणजे डीएनए-आरएनए) सिलिकाला चिकटतं, वॉश दिले तरी धरून राहतं, आणि कमी मिठाच्या बफरमध्ये आलं की सुटतं. तीच सिलिका नळीत जाळीसारखी बसवली की झाला स्पिन कॉलम, लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवर चढवली की झाले मॅग्नेटिक बीड्स. कॉलमला सेंट्रिफ्यूज लागतो, बीड्सना फक्त चुंबक, आणि म्हणूनच ऑटोमेशनवाले बीड्सच्या मागे लागले. दिवसाला पाच-दहा सॅम्पल असतील आणि हाताखाली नीट शिकलेली व्यक्ती असेल तर स्पिन कॉलम अजूनही उत्तम आहे हे मात्र सांगून ठेवतो, उगाच लाजू नका.

आता रोबो. यात दोन जाती आहेत आणि सेल्सवाला हा फरक आपणहून सांगेलच असं नाही. एकात बीड्स जागच्या जागी चुंबकाने धरून ठेवतात आणि पिपेट द्रव काढते-घालते. दुसऱ्यात, किंगफिशरसारख्या मशीनमध्ये, द्रव जागेवर आणि बीड्सच प्रवास करतात: प्लास्टिकच्या टोप्या घातलेले चुंबकी दांडे खाली येतात, बीड्स उचलतात, पुढच्या प्लेटमध्ये सोडतात, ढवळतात, परत उचलतात. मला दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण शोषून घ्यायला द्रवच नाही म्हटल्यावर चिकट थुंकीने टिप चोंदायचा प्रश्नच मिटतो. 96 सॅम्पल एका बॅचमध्ये, किटप्रमाणे साधारण अर्ध्या ते एका तासात निघतात.

पण याला ऑटोमेशन म्हणताना एक गोष्ट लपते. लायसिस (पेशी फोडायचं द्रव), वॉश एक, वॉश दोन, इल्युशन (शेवटी डीएनए ज्यात सुटतो ते द्रव) अशा प्लेटा भरतं कोण? माणूसच भरतो, मल्टीचॅनल पिपेटने, खांदा दुखेपर्यंत. बीड्सची बाटली दर थोड्या वेळाने हलवली नाही तर बीड्स तळाशी बसतात, मग कुठल्या वेलला (प्लेटमधल्या खळग्याला) जास्त आणि कुठल्याला कमी जातात, आणि रिझल्टमधला तो चढउतार तुम्ही उगाच पीसीआर किटवर ढकलत बसता. वेल काठोकाठ भरली तर दांडा जोरात ढवळताना शेजारच्या वेलमध्ये शिंतोडा जातो. इल्युशनला तांबूस-तपकिरी झाक दिसली तर बीड्स वाहून आलेत, प्लेट परत मॅग्नेटवर ठेवून वरचं स्वच्छ द्रव घ्या. इथेनॉल उडायला पुरेसा वेळ द्यायचा, पण फार सुकवलं तर डीएनए बीड्सवरनं नीट सुटतच नाही. आणि लायसिस बफरच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका, थायोसायनेटबरोबर विषारी वायू तयार होतो, सफाई करणाऱ्या मावशींनाही हे स्वतः सांगा.

बंद कार्ट्रिजचा हिशोब वेगळा. सॅम्पल घातलं, झाकण लावलं, रिझल्ट स्क्रीनवर, अ‍ॅम्प्लिफाय झालेला (प्रती वाढलेला) डीएनए हवेत येतच नाही, त्यामुळे लॅब दूषित व्हायची भीती फार कमी. रोबोच्या बाबतीत मात्र इल्युशन काढून पीसीआर प्लेट वेगळी लावावी लागते, म्हणजे वेगळी खोली, वेगळी पिपेट, आत-बाहेर जायची शिस्त, हे सगळं आलंच. बीड्स वापरणारे बंद प्रकार म्हणजे कोबास लिआट, ज्यात लवचिक नळीचे कप्पे दाबून द्रव पुढे सरकवतात आणि काही चाचण्या साधारण 20 मिनिटांत होतात, किंवा फिल्मअ‍ॅरेचा पाऊच, जो एका सॅम्पलमधून एकदम बरेच जंतू शोधतो पण एका मॉड्यूलवर (मशीनच्या एका युनिटवर) एका वेळी एकच पाऊच.

टीबीसाठी लोक जीनएक्सपर्टला याच रांगेत बसवतात, पण त्यात बीड्स नाहीत, फिल्टरवर जिवाणू अडकवून अल्ट्रासाऊंडने फोडतात. चार मॉड्यूलचं मशीन म्हणजे एका वेळी चार सॅम्पल, तेही दोन तासांच्या आत, पण प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्र असल्याने मध्येच आलेलं पाचवं सॅम्पल बॅच संपायची वाट बघत बसत नाही. 2023 मध्ये टीबी कार्ट्रिजचा सवलतीचा दर 7.97 डॉलरवर आला, तो ठरावीक देशांतल्या सरकारी आणि तत्सम कार्यक्रमांसाठी, खासगी लॅबने त्यावर गणित मांडू नये. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट मधल्या वाटेवरचं आहे: एक्स्ट्रॅक्शनचं यंत्र वेगळं, पीसीआरची चिप वेगळी, आणि मध्ये 6 मायक्रोलिटर इल्युशन माणसाला पिपेटने टाकावं लागतं. म्हणजे पूर्ण बंद नाही, पण बॅटरीवर चालतं, त्यामुळे जिथे लाईट जाते आणि एसी नाही तिथे मी डोळे झाकून तेच सुचवेन.

राहिली स्वतःची मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे केसासारख्या बारीक वाहिन्यांतनं द्रव खेळवणारी. इंजिनिअरिंग किंवा बायोटेकच्या पोरांना हे सगळ्यात आकर्षक वाटतं, आणि खरंच गंमत आहे, पण निदानासाठी नको. इतक्या बारीक वाहिनीत प्रवाह गुळगुळीत वाहतो, दोन द्रव शेजारी शेजारी जातात पण मिसळत नाहीत, म्हणून बीड्सच चुंबकाने हलवून ढवळायला लागतात. एक बुडबुडा अडकला की प्रवाह ठप्प. पृष्ठभाग जास्त आणि द्रव कमी म्हणून एन्झाइम भिंतीला चिकटतं, बीएसए नावाचं प्रोटीन घालून ते थोडं आवरता येतं. करायचंच असेल तर वॉल्व्हच्या नादी न लागता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड बीबींच्या लॅबने 2011 च्या सुमारास मांडलेली कल्पना बघा: दोन पाण्याच्या कप्प्यांमध्ये तेलाचा अडसर ठेवायचा आणि बीड्स चुंबकाने त्यातून ओढायचे, घाण मागेच राहते, वॉशची भानगड जवळपास संपते. पुढे पीसीआरऐवजी लॅम्प (डीएनएच्या प्रती वाढवायची दुसरी पद्धत) लावलं तर 60-65 अंशांवर एकच तापमान पुरतं, तापमान वरखाली करणारा थर्मल सायकलर नको.

माझा कौल विचाराल तर सॅम्पल दिवसातनं एकदाच गठ्ठ्याने येत असतील, तीसच्या वर, तर दांड्यांचा बीडवाला रोबो. दिवसभर सुटी सुटी येत असतील आणि डॉक्टर फोन करून रिपोर्ट मागत असतील तर कार्ट्रिज, खर्च जास्त वाटला तरी. निम्मी प्लेट रिकामी ठेवून रोबो चालवणं हा सगळ्यात महाग पर्याय, कारण दांड्यांवर चढणारा टोप्यांचा कंगवा आणि माणसाचा वेळ तेवढाच जातो. डेमो मागताना कंपनीचं नमुना सॅम्पल घेऊ नका, तुमच्याकडचीच चिकट थुंकी द्या, आणि रोबो असेल तर प्लेटवर बुद्धिबळाच्या पटासारखं एक जोरदार पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह असं लावायला सांगा. एकाही निगेटिव्हमध्ये कर्व्ह उठला तर तो का उठला हे कळेपर्यंत चेकवर सही करू नका.