लेदरचे बेसबॉल ग्लोव्ह: कोकणातल्या पावसात तीन महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

पार्सल उघडल्या उघडल्या लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा. जूनच्या सुरुवातीला ग्लोव्ह घेतले, आता गणपती विसर्जन होऊन दोन आठवडे झाले, म्हणजे अख्खा पावसाळा यांनी आमच्याबरोबर काढलाय. देवगडच्या बाजूला आमच्या गावात सतरा वर्षांखालच्या पोरांची बेसबॉलची टीम आहे, मी संध्याकाळी त्यांना शिकवतो. आतापर्यंत पोरं शाळेतले जुने रेक्झिनचे ग्लोव्ह वापरायची, तेही सहाच, बाकीचे तीन जण समोरच्या टीमकडून मागून घ्यायचे. यंदा गावातल्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली आणि नऊ नवे घेतले, सात साधे, एक कॅचरचा (बॅट्समनच्या मागे विकेटकीपरसारखा बसणारा) मिट, म्हणजे बोटं वेगळी नसलेला जाड ग्लोव्ह, आणि एक फर्स्ट बेसचा (रनरने गाठायच्या चार ठिकाणांपैकी पहिलं). साध्या ग्लोव्हला 2200 रुपये पडले, गायीच्या चामड्याचा, ब्राऊन, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या किमतीत जे चार-पाच प्रकार मिळतात ते सगळे साधारण सारखेच आहेत.

घेताना एक घोळ झाला तो आधी सांगतो म्हणजे तुमचा होणार नाही. साइटवर ‘राइट हँड थ्रो’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह, म्हणजे तो डाव्या हातात चढतो. आमचा पिचर, म्हणजे बॅट्समनला बॉल टाकणारा, डावखुरा, त्याच्यासाठी ‘लेफ्ट हँड थ्रो’ नीट बघून मागवला होता तरी विकणाऱ्याने सगळे एकाच हाताचे पाठवले, मग परत पाठवा, फोन करा, बदलून यायला तेवीस दिवस गेले आणि तेवढे दिवस पोरगं नुसतं उभं राहून बघत होतं. फार वाईट वाटायचं त्याच्याकडे बघून. आणि दुसरं म्हणजे साइज. इनफिल्डला, म्हणजे बेसच्या आसपास उभे राहणाऱ्यांना, साडेअकरा इंच बास, लांब मागे आउटफिल्डला साडेबारा घ्या. काही दुकानांत सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह बेसबॉलचा म्हणून गळ्यात मारतात, तो घेऊ नका, सॉफ्टबॉलचा घेर बारा इंच असतो आणि बेसबॉलचा नऊ-सव्वानऊ, त्यामुळे त्या मोठ्या खोलगट ग्लोव्हमध्ये आपला बॉल हरवतो आणि बाहेर काढून फेकेपर्यंत रनर बेसवर पोचलेला असतो.

आता खरी गोष्ट. नवा लेदरचा ग्लोव्ह पहिले तीन-चार आठवडे अक्षरशः फळकुटासारखा असतो. बंदच होत नाही. बॉल आला की तळव्यावर ‘टक’ करून आपटतो आणि बाहेर. बेसबॉल 142 ते 149 ग्रॅमचा, क्रिकेटच्या सीझन बॉलपेक्षा थोडा हलकाच, पण आमची पोरं वाढली टेनिस बॉलवर, मळ्यात भात कापून झालं की मे महिन्यापर्यंत तेच क्रिकेट, त्यामुळे कॅच दोन्ही हातांनी छातीशी घ्यायची सवय. त्यात ग्लोव्ह असा कडक. सीझनची पहिली मॅच गणपतीच्या आधी झाली, 17-4 ने हरलो. मी स्वतः वही घेऊन एरर, म्हणजे फिल्डिंगच्या चुका, मोजत होतो, अकरा झाले. त्यातले आठ साधे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल, सरळ अंगावर आलेले. बॅटिंग वाईट नव्हती, पिचिंग तर चांगलंच होतं, पण बेसबॉलमध्ये एक ग्राउंडर सुटला की जो आऊट व्हायचा तो बेसवर, आणि तीन आऊटला संपणाऱ्या इनिंगमध्ये पिचरला जणू चौथा, पाचवा आऊट काढावा लागतो, दमतं ना पोरगं. दुसरी मॅच 11-6, तीही गेली. जुने रेक्झिनचेच बरे होते असं दोन-तीन पालक म्हणायला लागले, आणि वर्गणीचे पैसे असल्यामुळे मला रात्री झोप लागेना.

मग गणपतीची सुट्टी आली. प्रॅक्टिस बंद, गावात प्रॅक्टिस कसली, घरोघरी आरत्या आणि भजनं. मी काय केलं, ग्लोव्ह शाळेच्या कपाटात ठेवण्याऐवजी प्रत्येकाला एकेक घरी दिला आणि सांगितलं की हा आता तुझा, वर नाव घाल, रोज शंभर वेळा बॉल भिंतीवर मारून यात घे आणि रात्री मधे बॉल ठेवून दोरीने गच्च बांधून झोप. पोरांनी केलं! पडवीत, खळ्यात, आरतीला माणसं जमायच्या आधी, एकाच्या आजीने तर मला रस्त्यात थांबवून विचारलं की ह्या आवाजाचा काय करूचा. सुट्टी संपून परत आले तेव्हा ग्लोव्ह ओळखू येईनात. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे जी जाळी असते तिच्या बुडाशी छान खोलगा पडला होता, बॉल तिथे गेला की ‘थप्प’ असा भरलेला आवाज यायचा आणि ग्लोव्ह आपोआप मिटायचा. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, खेळणारा पोरगा आधी बॉल आला की मान वळवायचा, तो आता पुढे वाकून ग्लोव्ह जमिनीला टेकवून उभा राहतो. सड्यावर जांभ्याच्या खड्यावरून बॉल कसाही उडतो, तरी तो हटत नाही.

तिसरी मॅच 5-4 ने जिंकलो, एरर तीन. चौथी 8-3, एरर दोन. परवाची पाचवी पावसामुळे अर्ध्यात थांबली तेव्हा आम्ही पुढे होतो. पोरांना मी मधल्या दिवसांत अमेरिकेतल्या न्यूयॉर्क मेट्स या टीमचं सांगितलं होतं, 2024 च्या सीझनला पहिल्या पाच मॅच ओळीने हरले, सहावीत नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत एका रनने मागे होते, त्यांच्या अलोन्सोने होम रन (क्रिकेटच्या सिक्ससारखा फटका) मारून बरोबरी केली आणि त्याच इनिंगला जिंकले, आणि पहिल्या 20 मॅच झाल्या तेव्हा 12 जिंकलेल्या 8 हरलेल्या. पुढे परत घसरले, पण सीझन 89 विजयांवर संपवला आणि नॅशनल लीगच्या फायनलपर्यंत गेले. आमच्या कॅचरने ते 0-5 वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता पावसाचं. कोकणात लेदर घेणार असाल तर हे वाचाच. जुलैत एकाने प्रेमाने ग्लोव्हला खोबरेल तेल चोपडलं, वाटीभर, ग्लोव्ह जड झाला, आणि आठवड्यात आत पांढरी बुरशी. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने पुसली तेव्हा गेली, वास मात्र अजून आहे. तेल नको, बोटभर व्हॅसलिन पातळ पुसायचं, तेही महिन्यातून एकदा. भिजला की कोरड्या कपड्याने टिपून आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि पंख्याखाली ठेवायचा. चुलीजवळ ठेवायचा नाही, कडक उन्हातही नाही, चामडं तडकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको.

कमी पडलेली गोष्ट म्हणजे लेस. या किमतीत चामड्याच्या ज्या वाद्या देतात त्या हलक्या आहेत, नऊपैकी तीन ग्लोव्हच्या दोन महिन्यांत तुटल्या, त्यातली एक ऐन दुसऱ्या मॅचमध्ये. मोच्याकडे एवढी लांब वादी नव्हती. शेवटी बंदरावर जाळी शिवणाऱ्या एका काकांकडे नेला, त्यांनी उलटसुलट फिरवून बघितला आणि म्हणाले, “ह्यां जाळ्यापरास सोपा आसा, ठेव हय आनि सांजेक ये.” जाळ्याच्याच नायलॉनच्या दोरीने त्यांनी ओवून दिला, गाठी इतक्या बारीक की हाताला लागत नाहीत, आणि पैसे विचारले तर म्हणाले मॅच कधी आसा ता सांग. त्या ग्लोव्हची दोरी आजपर्यंत सैल झालेली नाही.

पाचपैकी चार देतो, एक लेसचा कापला. नवीन टीम असेल आणि महिन्याभरात मॅच असतील तर लेदर घेऊ नका, रेक्झिनवर खेळा, लेदर मे महिन्यात घ्या आणि पोरांच्या घरी द्या. कॅचरचा मिट मात्र पहिल्या दिवसापासून लेदरचाच हवा, रेक्झिनमध्ये तळहात सुजतो. आमची पुढची मॅच रविवारी आहे, फर्स्ट बेसच्या मिटची वादी सैल वाटतेय, उद्या बंदरावर नेऊन येतो.