वेगाचा पहिला दंड, कोर्टाचा विचार आणि पाऊण तासाचा वकिली सल्ला

आयुष्यात पहिल्यांदाच वेगमर्यादा ओलांडल्याची नोटीस हाती पडली, तेव्हा दंड भरून मोकळे व्हावे की कोर्टात जाऊन तो नाकारावा, हे मला आठवडाभर ठरवता आले नाही. मर्यादा ताशी ६० किलोमीटरची होती, कॅमेऱ्याने नोंदवलेला वेग ७८ होता आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्या क्षणी स्पीडोमीटरचा काटा ७० वर होता. घरच्यांनी 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे ऐकवले, तर मित्रांचे म्हणणे पडले की यंत्रे सर्रास चुकतात, लढल्याशिवाय पैसे भरू नकोस. दोन्ही बाजूंना माझ्या प्रकरणाची कागदपत्रे ठाऊक नव्हती. म्हणून केवळ वाहतुकीची प्रकरणे पाहणाऱ्या एका वकील बाईंचा पाऊण तासाचा सल्ला मी व्हिडिओ कॉलवर घेतला. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे, कारण असा सल्ला घ्यावा की नाही, हाच प्रश्न पहिली नोटीस आलेल्या बऱ्याच जणांपुढे असतो.

त्याआधी एका दुसऱ्या ठिकाणी मी चौकशी केली होती. तिथे नोटीस न पाहताच प्रकरण जिंकून देण्याचे आश्वासन मिळाले. तारखा घेत राहायच्या, साक्ष द्यायला अधिकारी आले नाहीत की प्रकरण आपोआप निकाली निघते, असा त्यांचा सगळा भरवसा होता. अधिकारी गैरहजर राहिल्याने प्रकरण फेटाळले जाणे काही ठिकाणी घडते, हे खरे आहे. पण अनेकदा पुढची तारीखच पडते, आणि कॅमेऱ्याच्या प्रकरणात तर रस्त्यावर उभे राहून गाडी पाहिलेला कुणी साक्षीदार मुळातच नसतो, सारा भार नोंदीवर आणि यंत्राच्या प्रमाणपत्रावर असतो. नोटीस न वाचता हमी देणाऱ्याकडून सल्ला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत त्याच दिवशी झाले.

वकील बाईंनी मात्र भेटीची वेळ देण्याआधी चार गोष्टी मागवल्या: नोटिशीच्या दोन्ही बाजूंच्या प्रती, नोटिशीसोबतची छायाचित्रे मूळ आकारात, चारही टायरांवर कोरलेला आकार, आणि त्या दिवशी काय घडले याचे मी स्वतः लिहिलेले एक पानी निवेदन. टायरांचे काय काम, हे तेव्हा मला कळले नव्हते. छायाचित्रे नोटिशीला जोडलेली नव्हती, ती वेगळा अर्ज करून मिळवावी लागली. असा अर्ज करणे म्हणजे दंड नाकारणे नव्हे, अनेक ठिकाणी आपले म्हणणे नोंदवण्याआधीही पुरावा मागता येतो, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. एवढ्या एका माहितीने माझी निम्मी घालमेल थांबली, कारण मागायला गेलो तर लढायलाच लागेल या भीतीने मी हातावर हात धरून बसलो होतो.

कॉल सुरू झाल्यावर त्यांनी माझे निवेदन पडद्यावर उघडले आणि त्यातल्या एकाच वाक्याखाली रेघ ओढली: 'मी ताशी ७० किलोमीटरपेक्षा जास्त वेगात नव्हतो.' मग शांतपणे म्हणाल्या, "मर्यादा ६० ची आहे. हे वाक्य तुम्ही कोर्टात दिलेत, तर गुन्हा तुम्ही स्वतःच मान्य केल्यासारखे होईल." आठवडाभर ज्या वाक्याच्या जोरावर मी लढायला निघालो होतो, ते माझ्याच विरुद्ध जाणारे होते. पोलिसांनी प्रत्यक्ष अडवलेल्या प्रकरणात रस्त्याकडेला बोललेले 'घाईत होतो, लक्ष गेले नाही' हेही पुढे कबुली म्हणून मांडले जाऊ शकते, असे त्या पुढे म्हणाल्या. मर्यादेपेक्षा वेग किती जास्त होता यावरून जिथे दंडाचे टप्पे ठरतात, तिथे १० ने ओलांडणे आणि १८ ने ओलांडणे यांत फरक पडतो, म्हणून ७० विरुद्ध ७८ या वादाला अर्थ राहू शकतो. परंतु निर्दोष सुटण्यासाठी तो वाद काहीच कामाचा नाही. अन्याय झाल्याची भावना आणि कोर्टात टिकणारा मुद्दा यांतले अंतर मला इतक्या सरळपणे आधी कुणी दाखवले नव्हते.

यानंतर टायरांचा उलगडा झाला. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमाप्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवायचा नसतो; जास्त दाखवला तर चालतो, आणि तोही खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतक्या मर्यादेपर्यंत. म्हणजे गाडी खरोखर ७८ ने धावत असेल, तर काटा ७८ च्या खाली असायलाच नको. हा मुद्दा मी स्वतः शोधून काढला होता आणि मला तो अभेद्य वाटत होता. त्यांनी विचारले, "टायर कंपनीतून आलेलेच आहेत का?" नव्हते. मूळ टायर १८५/६५ आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) होते आणि बदलताना मी १९५/६५ आर १५ बसवून घेतले होते. हिशेब त्यांनी माझ्यासमोरच केला: पहिल्याचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६३४. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण काट्याला ते कळत नाही. त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा सुमारे २ टक्के मागे पडतो. ७० चे ७१.४ होतात. तेवढ्याने ७८ पर्यंतचे अंतर भरून निघत नाही, हे खरे. मात्र स्पीडोमीटर नियमाप्रमाणेच चालत होता, हे म्हणणे मला छातीठोकपणे मांडता आले नसते.

खरा निकाल लागला तो छायाचित्रांवर. काही कॅमेरे रडारच्या आकड्याला पडताळा म्हणून ठरावीक अंतराने दोन छायाचित्रे घेतात आणि रस्त्यावर सारख्या अंतराने आडव्या पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात. माझ्या छायाचित्रांच्या कोपऱ्यातल्या वेळांत बरोबर अर्ध्या सेकंदाचे अंतर होते, आणि नोटिशीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, दोन रेघांमधले अंतर २ मीटर असल्याचे छापलेले होते. ती मागची बाजू मी तोवर वाचलीच नव्हती. वकील बाईंनी दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून मला मागच्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू पाहायला आणि दोन रेघांमधली घरे मोजायला सांगितले. पहिल्या छायाचित्रात चाक एका रेघेवर होते. दुसऱ्यात ते पाच घरे पूर्ण ओलांडून सहाव्या घराच्या मध्याच्या जरा अलीकडे पोहोचले होते. म्हणजे अर्ध्या सेकंदात १०.७ ते ११ मीटर, म्हणजेच ताशी ७७ ते ७९ किलोमीटर. गाडी ७० ने धावत असती तर तेवढ्या वेळात ९.७ मीटरच गेली असती आणि पाचवे घरही पूर्ण झाले नसते. मी तीन वेळा मोजले. काट्याविषयीची माझी आठवण चुकीची होती, हे मला त्या रेघांनी पटवले. एखाद्या माणसाने सांगितले असते तर कदाचित पटले नसते.

ऐकीव बचावांपैकी एकाविषयी त्यांनी दिलेली माहिती इथे नोंदवून ठेवण्यासारखी आहे, कारण तो बचाव मीही घेणार होतो. 'यंत्र रस्त्याला तिरपे धरले होते, म्हणून आकडा चुकला' असे पुष्कळजण म्हणतात. हातात धरून वापरायचे रडार गाडीच्या दिशेशी कोन करून धरले, तर ते खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवते: १० अंशांच्या कोनात सुमारे दीड टक्का कमी, २० अंशांत ६ टक्के कमी. चूक होते, पण ती चालकाच्या फायद्याची. रस्त्याकडेला कायम बसवलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट निराळी असते. तो ठरावीक कोन गृहीत धरून आकड्याची दुरुस्ती स्वतःच करतो. त्यामुळे बसवताना कोन चुकला असेल तर आकडा वरही जाऊ शकतो, आणि म्हणून अशा प्रकरणात यंत्र बसवल्याची आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याची अचूकता तपासल्याची, नोंद मागणे योग्य ठरते. याहून जोरकस मुद्दा गाडी ओळखण्याचा असतो. रडारचा झोत पसरत जातो; १२ अंशांचा झोत ३०० मीटरवर सुमारे ६३ मीटर रुंद झालेला असतो, आणि त्यात तीन-चार गाड्या सहज मावतात. लेझर यंत्राचा ठिपका तेवढ्याच अंतरावर एखाद्या मीटरचा असतो. छायाचित्रात दोन गाड्या शेजारी असतील आणि मोजणी रडारची असेल, तर लढण्याला आधार आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. माझ्या छायाचित्रात रस्ता मोकळा होता.

मुदतींविषयी त्या फार काटेकोर होत्या, आणि ते योग्यच होते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या १६७अ या नियमाने इलेक्ट्रॉनिक नोंदीवरची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची, असे ठरवले. इंग्लंडमध्ये जागेवर न अडवलेल्या गाडीच्या नोंदणीकृत मालकाला साधारणपणे १४ दिवसांत सूचना पोहोचावी लागते. जर्मनीत दंडाचा आदेश हाती पडल्यापासून हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात. देश कोणताही असो, सरकारची मुदत आणि आपली मुदत अशा दोन तारखा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवाव्यात. सरकारची चुकली तर तो बचाव होऊ शकतो, आपली चुकली तर चांगला बचावही वाया जातो. जर्मनीत ताशी १०० पर्यंतच्या मोजणीतून ३ किलोमीटर वजा करूनच वेग धरला जातो, तेव्हा नोटिशीतला आकडा अशा वजावटीच्या आधीचा आहे की नंतरचा, हेही पाहिले पाहिजे. माझ्या नोटिशीत वजावटीचा उल्लेख नव्हता.

पहिलाच दंड असणे याला स्वतःची किंमत आहे, हा त्यांच्या सल्ल्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. इंग्लंडमध्ये मर्यादा थोडक्यात ओलांडली असेल आणि मागच्या तीन वर्षांत असे प्रशिक्षण घेतलेले नसेल, तर दंडाऐवजी वेगविषयक प्रशिक्षणाचा पर्याय दिला जाऊ शकतो आणि तो पूर्ण केल्यास परवान्यावर दंडाचे गुण चढत नाहीत. अमेरिकेच्या अनेक राज्यांतही वाहतूक प्रशिक्षणाची अशी सोय आहे. कोर्टात उभे राहिल्यावर ही सवलत पुन्हा मिळेलच असे नसते, आणि हरल्यास दंडावर खर्चाचा बोजाही पडू शकतो. उलटपक्षी गाडी चालवण्यावरच ज्यांचे पोट आहे, किंवा गुणांमुळे ज्यांचा विमा महागणार आहे, त्यांच्यासाठी दंडाची रक्कम ही खरी किंमत नसतेच. त्यांनी थोडी संधी दिसली तरी लढण्याचा विचार करावा, असे त्या म्हणाल्या. प्रत्यक्ष हजर राहणे शक्य नसेल तर कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी लेखी निवेदनावरही खटला चालतो. नोटिशीत सवलतीचा पर्याय मलाही दिलेला होता, आणि तो स्वीकारण्याचे शेवटचे चारच दिवस उरले होते.

इथेच या सेवेतली उणीवही सांगायला हवी. भेट ठरवण्याच्या अर्जात उत्तराची अंतिम तारीख विचारलेली नव्हती, त्यामुळे मला सहा दिवसांनंतरची वेळ मिळाली. तीच आणखी पुढे गेली असती तर सल्ल्याचा उपयोग राहिला नसता. कॉलनंतर लेखी टिपण मिळेल असे वाटले होते, ते वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते. शुल्क दंडाच्या सुमारे एक तृतीयांश होते. दंडच मुळात किरकोळ असेल तर ते जड वाटेल. गुण किंवा परवाना पणाला लागला असेल तर मात्र जड नाही.

मी लढलो नाही. प्रशिक्षणाचा पर्याय तिसऱ्या दिवशी स्वीकारला आणि स्पीडोमीटरचा आकडा जीपीएसशी ताडून पाहिला. नोटिशीचा राग गेल्यावर एक हिशेब मी माझा मीच केला, आणि तो अजून मनातून जात नाही: एकाच जागी, सारख्याच जोराने ब्रेक लावले, तर ६० ने येणारी गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच जागेवरून ७८ ने येणारी गाडी अजून ताशी ५० च्या वेगाने पुढे जात असते.

ज्यांच्या छायाचित्रात दुसरी गाडी आहे, ज्यांची नोटीस मुदतीनंतर आली आहे, किंवा त्या दिवशी गाडी कोण चालवत होते हेच ज्यांच्या प्रकरणात वादाचे आहे, त्यांनी हा सल्ला जरूर आणि लवकर घ्यावा. माझ्यासारखी एकट्या गाडीची, रेघांसह दोन छायाचित्रे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी शुल्क भरण्याआधी नोटिशीची मागची बाजू वाचून घरे स्वतः मोजून पाहावीत.