जुगारी, गवळी की नन? ख्रिस्ती विद्यापीठासाठी तीन म्युझिकल्स

अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठात वर्षाचं मोठं म्युझिकल ठरवायची बैठक बसली की तीन नावं हमखास निघतात: ‘गाइज अँड डॉल्स’, ‘फिडलर ऑन द रूफ’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’. पहिल्यात न्यूयॉर्कचे जुगारी आणि नाइटक्लबमध्ये नाचणाऱ्या मुली, दुसऱ्यात रशियातल्या खेड्यातला ज्यू गवळी, तिसऱ्यात नन व्हायला मठात आलेली आणि तिथं न रमलेली मुलगी. वरवर पाहिलं तर बैठक पाच मिनिटांत संपावी. ननचं नाटक घ्या, जुगाऱ्यांचं सोडा. माझा कौल मात्र जवळपास उलटा आहे. नाट्यविभागात शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या किंवा निवड समितीवर बसलेल्या मराठी मंडळींसाठी त्याची कारणं इथं मांडतो.

आधी आपलं विद्यापीठ कुठल्या पंथाचं आहे ते बघा, कारण ‘ख्रिस्ती’ या एका शब्दावरून काहीच ठरत नाही. टेक्सासमधल्या बॅप्टिस्ट बेलर विद्यापीठाच्या आवारात नाचाचा पहिला अधिकृत कार्यक्रम झाला तो १९९६ साली. इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजात त्यासाठी २००३ उजाडावं लागलं. अबिलीन ख्रिश्चन युनिव्हर्सिटी ज्या परंपरेतून आली, त्या चर्चेसमध्ये उपासनेत वाद्यं वाजवत नाहीत. तरीही तिथलं होमकमिंगचं, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं, म्युझिकल ही जुनी, लाडकी प्रथा आहे. कॅथलिक विद्यापीठात रंगमंचावर दारूचा पेला दिसला तर कुणी दचकणार नाही, पण ननचा झगा चुकीचा शिवला तर पहिल्या रांगेतून कुजबूज ऐकू येईल.

दुसरी गोष्ट कराराची, आणि ती निवडीच्या आधी बोलायची आहे. ‘गाइज’ आणि ‘फिडलर’चे प्रयोगाचे हक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनल देतं, ‘साउंड ऑफ म्युझिक’चे कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्स. शुल्क ठरतं ते प्रेक्षागृहातल्या खुर्च्या, तिकिटाचा दर आणि प्रयोगांची संख्या पाहून. संहितेतला शब्दही लेखी परवानगीशिवाय बदलता येत नाही. शिवी गाळणं, गाणं कापणं, दारूचं सरबत करणं, सगळं त्यात आलं. प्रशासनाला हे कुणी आधी सांगत नाही, आणि रंगीत तालमीला कुणीतरी वरिष्ठ येऊन बसतात तेव्हा तोंडं पाहण्यासारखी होतात.

बेलरमध्ये १९६२च्या डिसेंबरात नेमकं हेच झालं. नाटक म्युझिकल नव्हतं, युजीन ओनीलचं ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ होतं. त्यातल्या भाषेवर अध्यक्ष अॅबनर मॅककॉल यांचा आक्षेप होता, तर करारानुसार संहितेला हात लावायची मुभा नव्हती. प्रयोग मध्येच बंद करण्यात आले. विभागप्रमुख पॉल बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि १९६३मध्ये सगळा चमू सॅन अँटोनिओच्या ट्रिनिटी विद्यापीठात गेला (तेही प्रेस्बिटेरियन परंपरेतलंच!). म्हणून ‘यात पाप किती आहे?’ यापेक्षा ‘यातला एकही शब्द न बदलता आपण हे करू शकतो का?’ हा प्रश्न मला जास्त उपयोगाचा वाटतो. तिन्ही नाटकं याच कसोटीवर लावू.

‘गाइज अँड डॉल्स’मधली अडचणीची जागा सगळ्यांना दिसते. हॉट बॉक्स क्लबमधल्या मुली एका गाण्यात अंगावरचे मिंक कोट आणि झगे उतरवतात. नायक स्काय मास्टरसन पैज लावून मिशनमधल्या सार्जंट सारा ब्राउनला हवानाला नेतो आणि तिला न कळत दुधातून रम पाजतो. गटारात फाशांचा डाव रंगतो. पहिली गोष्ट वेशभूषेने सुटते. आत पूर्ण लांबीचा परकर असला तरी विनोद तितकाच जमतो. हवानाचा प्रवेश मात्र आज दारूबंदीच्या नियमापेक्षा संमतीच्या प्रश्नावर अडतो. स्काय तिच्या अवस्थेचा फायदा न घेता तिला परत आणतो, हे संहितेतच आहे, पण दिग्दर्शकाने ते ठळक केलं पाहिजे. तालमीआधी कलाकारांशी मोकळेपणी बोलल्याशिवाय हा प्रवेश बसवू नये.

हे एवढं सोसलं की पुढे जे मिळतं ते दुसऱ्या कुठल्या म्युझिकलमध्ये नाही. फ्रँक लेसरच्या या १९५०च्या नाटकाच्या मध्यभागी एक मिशन आहे. रस्त्यावर बँड वाजवत पाप्यांना बोलावणाऱ्या तिथल्या मंडळींना पाहून अहमदनगर किंवा मुंबईच्या मराठी माणसाला मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) आठवेल. पहिल्याच भेटीत स्काय साराच्या भिंतीवरच्या पाटीतली चूक काढतो. दुष्टांना शांती नाही, या वचनाखाली तिने नीतिसूत्रे २३:९ लिहिलेलं असतं. तो म्हणतो, हे यशया ५७:२१. हॉटेलच्या खोल्यांमधली बायबलं वाचून वाचून या जुगाऱ्याचं पाठांतर पक्कं झालेलं! ब्रॉडवेच्या प्रेक्षकाला हे सारा पुस्तक उघडून बघते तेव्हा कळतं. बायबल पाठांतराच्या स्पर्धा खेळून आलेली मुलं जिथं प्रेक्षागृहात बसतात, तिथं त्याच्या आधीच हशा पिकेल.

पुढे स्काय फाशांवर जुगाऱ्यांचे आत्मे लावतो. तो हरला तर प्रत्येकाला हजार डॉलर, जिंकला तर सगळ्यांनी मध्यरात्रीच्या प्रार्थनासभेला यायचं. त्या सभेत नाइसली-नाइसली जॉन्सन हा जुगारी सगळ्यांसमोर उभा राहून स्वप्नाची साक्ष देतो, आणि ते गाणं थेट पुनरुज्जीवन सभेच्या चालीत उसळतं. साक्ष देणं म्हणजे काय, ती देताना माणूस कुठं अडखळतो, मागचे लोक कधी साथ धरतात, हे शिकवायला इतर ठिकाणी आठवडा जातो. इथल्या मुलांनी ते लहानपणापासून पाहिलेलं असतं. धोका उलट बाजूचा आहे. घरचंच म्हणून ती मिशनची टवाळी करायला लागतात. साराला बावळट केलंत की नाटक कोसळलं. हॉट बॉक्सची नर्तकी अॅडलेड मात्र आयतीच हिट. फाशांचे डाव भरवणाऱ्या नेथन डेट्रॉइटशी तिचा साखरपुडा होऊन चौदा वर्षं झाली आहेत, लग्नाचा पत्ता नाही आणि सर्दी काही जात नाही. ज्या कॅम्पसवर ‘रिंग बाय स्प्रिंग’ म्हणून मुलींना चिडवतात, म्हणजे शेवटच्या वसंतापर्यंत बोटात अंगठी यायलाच हवी, तिथं तिचं गाऱ्हाणं काय हास्यकल्लोळ करेल याची कल्पना करा.

‘साउंड ऑफ म्युझिक’मध्ये गाळावंसं वाटेल असं काही नाही, हे खरं. १९५९च्या या नाटकाचं ख्रिस्ती शिक्षणाशी एक जुनं नातंही आहे. मूळ नाटक लिहिलं जात असताना नायिका मारियाची भूमिका करणार असलेल्या मेरी मार्टिन आणि लेखक मंडळींना मठातल्या जीवनाबद्दल सल्ला देत होत्या त्या इलिनॉयमधल्या रोझरी कॉलेजच्या नाट्यविभागप्रमुख, डॉमिनिकन नन सिस्टर ग्रेगरी. देवाने बोलावणं म्हणजे काय, यावरची त्यांची पत्रं लेखकांच्या कामी आली. मदर अॅबेसच्या, म्हणजे मठाच्या प्रमुख ननच्या, तोंडचं ते प्रसिद्ध गाणं मठातून पळ काढण्याविषयी नाही, आपलं बोलावणं शोधण्याविषयी आहे. चॅपलमध्ये वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मग अडतं कुठं? पहिलं, मुलं. मारिया ज्यांना सांभाळायला जाते त्या सात भावंडांपैकी थोरली लीझल विद्यार्थिनी करू शकेल, उरलेली सहा गावातून आणावी लागतात. म्हणजे कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, प्रत्येक तालमीला मोठं माणूस सोबत, शाळेच्या वेळा, बहुधा दोन-दोन संच. दुसरं, ध्वज. शेवटच्या संगीत महोत्सवाच्या प्रवेशात नाझी राजवट रंगमंचावर दिसते. स्वस्तिक लावलेलं नेपथ्य कुणी फोनवर टिपून संदर्भाविना पसरवलं तर विद्यापीठाला खुलासे करत बसावं लागतं, तेव्हा तो प्रवेश कसा दाखवायचा हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. तिसरं म्हणजे १९६५चा चित्रपट. प्रेक्षक तोच मनात घेऊन येतात, आणि रंगमंचावर वेगळंच घडतं. चित्रपटासाठी नव्याने लिहिलेली गाणी मूळ नाटकात नव्हती. आवडत्या गोष्टींची यादी सांगणारं गाणं इथं मारिया मदर अॅबेसबरोबर मठातच म्हणते, आणि मुलांच्या बापाचा मित्र मॅक्स व त्याच्याशी लग्न ठरलेली एल्सा यांची दोन खोचक गाणी बहुतेकांनी कधी ऐकलेलीच नसतात. चौथं, मदर अॅबेसचा आवाज. विशीतल्या गळ्याला ते शिखर झेपेलच असं नाही. गायनविभागाकडून खात्री करून घ्या. या बदल्यात तिकिटं खपतात. मुलांचे आईबाप, आजी-आजोबा, शाळेचे वर्गमित्र सगळे येतात, आणि ज्या विभागाला गल्ल्याची चिंता आहे त्याने हे हलक्यात घेऊ नये.

‘फिडलर’बद्दल मी सगळ्यात जास्त वेळ विचार केला आहे. जेरी बॉक, शेल्डन हार्निक आणि जोसेफ स्टाइन यांचं हे नाटक १९६४मध्ये आलं आणि ३,२४२ प्रयोग चाललं. कुटुंब, परंपरा, देवाशी उघड गप्पा. ख्रिस्ती पालकांना ते पहिल्या अर्ध्या तासात आपलंसं वाटतं. शब्द गाळायची वेळही येत नाही. अडचण आशयातच आहे. १९०५च्या आनातेव्कात, म्हणजे नाटकातल्या त्या खेड्यात, लग्नाच्या मांडवावर चाल करून येणारे ख्रिस्ती आहेत. गवळी टेव्हयेची तिसरी मुलगी हावा ख्रिस्ती फ्येदकाशी पाद्र्याकडून लग्न लावून घेते, आणि बाप तिला मेलेली मानतो. शेवटी सगळं गाव हाकललं जातं. त्याच काळातली किशिनेव्ह शहरातली ज्यूंविरुद्धची खरी दंगल १९०३च्या ऑर्थोडॉक्स ईस्टर संडेला सुरू झाली होती. ख्रिस्ती प्रेक्षागृहात हावाचं लग्न ‘प्रेमाचा विजय’ आणि टेव्हये ‘हटवादी बाप’ ठरण्याची भीती मोठी आहे, आणि तसं झालं तर प्रयोग कितीही देखणा असो, तो फसला. फ्येदकाला गोंडस करू नका. मांडव उधळणाऱ्यांना परग्रहावरून आल्यासारखं दाखवू नका.

गावात सिनेगॉग असेल तर पहिल्या वाचनाआधी रब्बींना भेटा, आणि शोभेपुरतं नव्हे. ताल्लित, म्हणजे प्रार्थनेची शाल, कशी पांघरायची, दारावरच्या मेझुझाला, म्हणजे पवित्र वचनांच्या डबीला, हात कसा लावायचा, शब्बाथच्या मेणबत्त्यांपुढे बाईचे हात कसे फिरतात, हे कुणीतरी दाखवायला हवं. कलाकारांनी गळ्यातले क्रॉस काढून ठेवायचे, हेही सांगावं लागतं! मग वेळापत्रक: शुक्रवारच्या रात्रीचा प्रयोग म्हणजे शब्बाथ. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणातल्या बेने इस्राएलांना आपण ‘शनवार तेली’ म्हणत आलो, तोच हा पाळणुकीचा दिवस. शब्बाथ पाळणारे ज्यू पाहुणे शुक्रवारी येणार नाहीत, आणि अनेक ख्रिस्ती विद्यापीठं रविवारी प्रयोग करत नाहीत. गुरुवारचा एक प्रयोग आधीच राखून ठेवा.

पात्रांच्या हिशेबात मात्र ‘फिडलर’ तिघांत सोयीचं. ऑडिशनला मुली जास्त येतात हा बहुतेक विभागांचा अनुभव; इथं पाच मुली, गोल्डे, येन्टे, फ्रुमा-सारा अशी स्त्रीपात्रं भरपूर आहेत. ‘साउंड’मध्येही ननच्या कोरसमुळे मुलींची सोय होते. ‘गाइज’ला मात्र गटारातल्या नृत्यासाठी नाचू शकणाऱ्या मुलांची फौज लागते, आणि नाचाची परंपराच नसलेल्या कॅम्पसवर ती जमत नाही. ‘फिडलर’मध्येही डोक्यावर बाटल्या तोलून नाचणारे चौघे हवेत, पण ते कवायतीने तयार होतात. वाद्यवृंदात चांगला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि अॅकॉर्डियन मिळाला की रंग भरला. टेव्हयेला मात्र पर्याय नाही. तो जवळपास पूर्ण वेळ रंगमंचावर असतो, आणि लग्नाच्या वयाच्या मुलींचा बाप एकवीस वर्षांच्या मुलाने करायचा असतो. तसा एक मुलगा डोळ्यांसमोर नसेल तर ‘फिडलर’चा विषय पुढच्या वर्षावर ढकला.

माझा क्रम असा: नाचणारी मुलं असतील आणि प्रशासनाने संहिता पूर्ण वाचून लेखी होकार दिला असेल तर ‘गाइज अँड डॉल्स’. टेव्हये मिळाला असेल आणि ज्यू समाजाशी आधीपासून बोलणं असेल तर ‘फिडलर’, आणि मग ते पहिल्या क्रमांकावरही जाऊ शकतं. ‘साउंड ऑफ म्युझिक’ तिसरं. बजेट मोठं आणि मुलांची व्यवस्था पाहणारं वेगळं माणूस असेल तरच. होकार तोंडी घेऊ नका. चॅप्लिन (विद्यापीठाचा पाद्री), अधिष्ठाता आणि जे कुणी रंगीत तालमीला येऊन आक्षेप घेऊ शकतात त्या सगळ्यांना बसवून, करार करण्याआधी, संहिता मोठ्याने वाचा, हवानासकट.

तिन्ही जमत नसतील तर मेरेडिथ विल्सनचं १९५७चं ‘द म्युझिक मॅन’ आहे. आयोवातल्या गावाला बँडच्या नावाखाली फसवायला आलेला भामटा, ग्रंथपाल बाई, चौघांचं सुरेल भांडण. आक्षेपार्ह काही सापडणार नाही आणि विद्यापीठाचा मार्चिंग बँड शेवटी रंगमंचावर आणता येईल का, हेही बघता येईल. मुलं इथंही लागतात. आणि सुरुवातीचा रेल्वेच्या डब्यातला प्रवेश वाद्यांशिवाय, नुसत्या बोलण्याच्या लयीवर चालतो. त्याच्या तालमी सगळ्यात आधी लावा.