पीबॉडी की स्पीडवेल? आधी कुणाला हाती घ्यावं

व्हिक्टोरियन काळ, मिळून तपास करणारी जोडी आणि वर भरपूर विनोद, अशी फर्माईश असेल तर दोन पुस्तकं हमखास पुढे येतात: एलिझाबेथ पीटर्सचं 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक' (1975) आणि डियाना रेबर्नचं 'अ क्युरिअस बिगिनिंग' (2015). दोन्ही आपापल्या मालिकेतली पहिली. दोन्हींत गोष्ट नायिकाच सांगते, आणि दोन्हींतला नायक विद्वान, तिरसट नि अवताराची पर्वा नसलेला. वरवर पाहिलं तर एकाच साच्यातली वाटतील. हसवण्याची तऱ्हा मात्र निराळी आहे, आणि निवड करायची ती त्यावरूनच.

पीटर्सची नायिका अमेलिया पीबॉडी 32 वर्षांची. त्या काळच्या हिशेबानं लग्नाचं वय केव्हाच टळलेलं. वडील गेल्यावर तब्बल पाच लाख पौंड हाती आलेले, त्यामुळे कुणाचं ऐकायची गरज उरलेली नाही. बाई इजिप्तला निघते, वाटेत रोममध्ये कोसळलेल्या एव्हलिन नावाच्या तरुणीला उचलते आणि सोबत घेऊन जाते. आपण शांत, समंजस आणि व्यवहारी आहोत याबद्दल तिला तिळमात्र शंका नाही. हे ठासून सांगता सांगताच ती छत्री उगारून कुणाच्या तरी अंगावर धावून गेलेली असते. आपण विनोदी आहोत याचा तिला पत्ताच नाही. उत्खनन करणाऱ्या तिरसट इमर्सनवर आपला जीव जडलाय हे वाचकाला कळतं, आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं, तिला सर्वांत शेवटी. हा विनोद दुसऱ्या वाचनातही शिळा होत नाही, कारण तो कोट्यांमध्ये नाही, स्वभावात आहे.

शिवाय लेखिका ऐकीव माहितीवर लिहिणारी नव्हे. एलिझाबेथ पीटर्स हे बार्बरा मर्ट्झ यांचं टोपणनाव, आणि या बाईंनी शिकागो विद्यापीठातून इजिप्तविद्येत डॉक्टरेट केलेली. ते पानोपानी जाणवतं. इजिप्तमधल्या अमार्ना इथल्या उत्खननात एक रंगवलेली फरशी सापडते. रंग इतका नाजूक, की ब्रश लावला तर खपली निघेल. मग टॅपिओका पाण्यात कालवून ते बोटानं हलक्या हातानं पसरायचं. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचीच ही खळ! कल्पना लेखिकेच्या डोक्यातली नाही. फ्लिंडर्स पीट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं अमार्नाला 1891-92 च्या हंगामात अशीच फरशी अशाच खळीनं वाचवली होती. कादंबरीनं ती काही वर्षं मागे ओढली, इतकंच. हा इमर्सन पुष्कळसा पीट्रींच्या वळणावर गेलाय, तो याच जागी.

रेबर्नच्या नायिकेचं, व्हेरोनिका स्पीडवेलचं तसं नाही. आपण किती चटपटीत बोलतो हे तिला पुरतं ठाऊक आहे. ती फुलपाखरं पकडत जग हिंडते, प्रेमप्रकरणं परदेशातच करते, इंग्रज पुरुषांच्या वाटेला जायचं नाही हा तिचा नियम. साल 1887, राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव. तिचं अपहरण करायचा प्रयत्न होतो, एक जर्मन बॅरन तिला लंडनला आणून स्टोकर नावाच्या माणसाच्या हवाली करतो. हा गडी मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारा, आणि त्या वेळी चक्क हत्तीवर काम करत असतो. मग बॅरनचाच खून होतो नि दोघांना पळ काढावा लागतो. फिरत्या सर्कशीत ते नवरा-बायको म्हणून लपतात तो भाग खरंच झकास.

पण तिचा बेधडकपणा 1887 चा न वाटता 2015 चा वाटतो. त्याच 1887 साली मुंबईच्या हायकोर्टानं रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं बजावलं होतं. इंग्लंडनं अशा कैदेची तरतूद 1884 मध्येच काढून टाकली होती हे खरं, पण तिथल्याही बायकांना व्हेरोनिकाइतकं मोकळं रान नव्हतं. अमेलियाचा तोरा निदान तिच्या पैशातून येतो, म्हणून पटतो.

उलट बाजूही आहे. अमेलिया इजिप्तच्या लोकांना औषधं पाजते, धुवायला लावते, शिस्त लावते. लेखिका तिची टर उडवते खरी, पण प्रत्येक वेळी नाही. साहेबाचं राज्य सोसलेल्या घराण्यांतल्या वाचकाला ते अधूनमधून टोचणारच.

रहस्याच्या नावानं दोन्हींकडे बेताचंच. अमेलियाच्या गोष्टीत एक चालती ममी सगळ्यांना घाबरवते; तिच्यामागे कोण आहे हे सराईत वाचक अर्ध्यात ओळखेल. व्हेरोनिकाकडे खुनापेक्षा तिच्या जन्माचं गूढ जास्त रंगतं.

जोडीचं म्हणाल तर इमर्सन आणि अमेलिया पहिल्याच पुस्तकाअखेर बोहल्यावर चढतात, आणि खरी गंमत त्यानंतर. लग्न झाल्यावरही तो तिला 'पीबॉडी' असंच आडनावानं हाक मारतो, आणि त्यात लाड असतो. 1981 च्या 'द कर्स ऑफ द फॅरोज'पासून त्यांचं अतिशहाणं पोरगं रॅमसिसही धुमाकूळ घालू लागतं. व्हेरोनिका-स्टोकर मात्र कित्येक पुस्तकं 'होईल का, होईल का' यातच अडकतात. ज्यांना ती हुरहूर आवडते त्यांनी खुशाल तिकडे जावं.

मला विचाराल तर आधी पीबॉडी. एक अडचण आहे: पीटर्सचं इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाचं, लांबलचक वाक्यांचं. पहिली तीस-चाळीस पानं सोसा, मग कान बसतो. नाहीच बसला तर बार्बरा रोझेनब्लाटच्या आवाजातलं ऑडिओबुक लावा. प्रवासात भराभर संपणारं काही हवं असेल तर मात्र रेबर्नच सोयीची. आणि हसणं नकोच, धुक्यातलं काळंकुट्ट लंडन हवं असेल, तर ही दोन्ही ठेवून द्या आणि ॲन पेरीच्या शार्लट व थॉमस पिटकडे वळा. ती मालिका 1979 मध्ये 'द केटर स्ट्रीट हँगमन'पासून सुरू होते.