लेक चॅम्प्लेनवर मासेमारीची ट्रिप बुक करताय? आधी कॅप्टनचा परवाना बघा

व्हरमाँट आणि न्यूयॉर्कच्या मधल्या लेक चॅम्प्लेनवर लेक ट्राउट आणि सॅल्मन पकडायला नेतो असं सांगून लोकांकडून पैसे उकळणारा एक माणूस फिरतोय. बॉस्टनच्या बाजूला राहणारी आपली कितीतरी कुटुंबं उन्हाळ्यात तलावाकाठच्या बर्लिंग्टनला जातात, देशातून आलेल्या आईवडिलांना काहीतरी वेगळं दाखवावं म्हणून अशा जाहिराती शोधतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण खरा संताप याचा आहे की त्याने माझ्या सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना आणि दहा वर्षांच्या मुलाला परवाना नसताना भर तलावात नेलं.

बाबा मालवणचे. गरवायला जाणं हा त्यांचा लहानपणापासूनचा नाद. इथल्या खोल तलावांत बोट अगदी हळू चालवत गळ मागून ओढत नेतात, त्याला ट्रोलिंग म्हणतात, हे ऐकल्यापासून त्यांना ते बघायचंच होतं. जाहिरात सोशल मीडियावर मिळाली. चार तास, चार माणसं, साडेचारशे डॉलर. मासा हमखास. फिशिंग लायसन्स किमतीत धरलेलं. सोबत ऐटबाज केबिनच्या मोठ्या बोटीचा फोटो आणि हातात न मावणारे चंदेरी मासे. निम्मी रक्कम झेलवरून, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेवरून, आगाऊ मागितली, ती आम्ही पाठवली.

लायसन्सचं आधी सांगते, कारण लबाडी तिथूनच सुरू होते. मॅसॅच्युसेट्समध्ये समुद्रावर परवानाधारक चार्टर बोटीने गेलं तर प्रवाशांना वेगळं परमिट लागत नाही. इकडच्या लोकांना ते माहीत असतं, म्हणून ‘लायसन्स आमच्याकडून’ हे वाचून कुणाला शंका येत नाही. चॅम्प्लेनवर तसं नाही. व्हरमाँटच्या बाजूने जाणार असाल तर पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाकडे स्वतःच्या नावाचं लायसन्स हवं. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी एक दिवसाचंही मिळतं, ऑनलाइन काढता येतं. कॅप्टन ते तुमच्या वतीने ‘धरू’ शकत नाही. वॉर्डनने, म्हणजे मासेमारीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याने, पकडलं तर दंड गळ टाकणाऱ्याला होतो.

शार्लटजवळच्या बोट रॅम्पवर पोचलो तर फोटोतली बोट नव्हतीच. तिच्या जागी उघडी, जुनी ॲल्युमिनियमची बोट. मोठी बोट दुरुस्तीला गेलीय म्हणाला. उरलेले पैसे रोख घेतले, मगच आम्हाला बोटीत चढू दिलं. लाइफ जॅकेटं होती ती सगळी मोठ्यांची. मुलाच्या मापाचं नव्हतं. त्याला आम्ही गाडीतलं त्याचं स्वतःचं आणून घातलं.

धक्क्यापासून बरंच आत गेल्यावर त्याने क्लिपबोर्डला लावलेला कागद पुढे केला. ‘नेहमीचंच आहे, सही करा.’ माझ्या नवऱ्याने वाचायला घेतला तर तो बोटीचा भाडेकरार निघाला. म्हणजे बोट आम्ही भाड्याने घेतली, जबाबदारी आमची, आणि हा नुसता मदतीला आलेला. वर म्हणाला, कोस्ट गार्डने थांबवलं तर आपण मित्र आहोत आणि पेट्रोलचा खर्च वाटून घेतोय असं सांगायचं.

हे वाक्य कानावर पडलं की समजून घ्या. चॅम्प्लेनवर पैसे घेऊन माणसं नेणाऱ्याकडे कोस्ट गार्डचा कॅप्टनचा परवाना असावाच लागतो. सहा प्रवाशांपर्यंतचा जो असतो त्याला इथे सगळे ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. तो मिळवायला पाण्यावर काढलेल्या दिवसांचा हिशेब द्यावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, वैद्यकीय आणि अमली पदार्थांची तपासणी होते, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लागतं. मित्रांनी आपखुशीने इंधनाचा खर्च वाटून घेतला तर परवाना लागत नाही, ही कायद्यातली पळवाट त्याला नेमकी ठाऊक होती. भाडेकराराचंही तेच. बोट खरोखर तुमच्या ताब्यात दिली असेल तर चालवणारा कोण हे तुम्ही ठरवता. मालक स्वतः सुकाणू धरून बसलाय आणि पैसेही घेतोय, तर तो भाडेकरार नुसता कागदावरचा. आणि काही अघटित घडलं असतं तर तोच कागद त्याने आमच्या तोंडावर मारला असता. नवऱ्याने सही केली नाही, कागदाचा फोटो मात्र काढून ठेवला.

मासेमारीचं नाटक त्यापुढचं. जुलै महिना होता. उन्हाळ्यात या तलावाचं वरचं पाणी तापतं आणि खालचं थंडगार राहतं, मधे एक पट्टा असतो जिथे तापमान झपकन उतरतं. लेक ट्राउटला साधारण पन्नास अंश फॅरनहाइटचं, म्हणजे दहा सेल्सिअसचं पाणी लागतं. सॅल्मन त्याहून किंचित उबेला, पण तोही भर उन्हाळ्यात वर राहत नाही. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळल्यावर स्मेल्ट नावाच्या छोट्या माशांच्या मागे सॅल्मन अगदी वर येतात, तेव्हा साध्या दोरीने जमतं. जुलैत गळ बराच खोल न्यायलाच हवा. त्यासाठी डाउनरिगर असतो. तारेच्या टोकाला आठ-दहा पौंडांचा गोळा, आणि त्याच्या वर एक चिमटा. गळाची दोरी त्या चिमट्यात अडकवून गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. मासा लागला की चिमटा दोरी सोडतो आणि माशाशी झुंज फक्त गळाच्या काठीवर राहते. नाहीतर शिशाचा गाभा असलेली लेड-कोर दोरी वापरतात. दर दहा यार्डांना तिचा रंग बदलतो, किती रंग बाहेर गेले त्यावरून खोलीचा अंदाज येतो.

याच्या बोटीवर डाउनरिगर एकच, आणि त्याला गोळाच नव्हता. तुटलेल्या तारेचं टोक चिकटपट्टीने गुंडाळलेलं. त्याने चमच्यासारखी चकाकती आमिषं साध्या नायलॉनच्या दोरीला बांधून मागे सोडली. ती पाण्याच्या वरच्या थरातच लुटुलुटु येत होती. मी विचारलं, तर म्हणाला आज मासे वर आलेत, आणि फिशफाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर माशांच्या कमानी एकामागून एक सरकत होत्या, अगदी थवेच्या थवे.

मुलगा तो पडदा एकटक बघत होता. मग हळूच मराठीत मला म्हणाला, ‘आई, तेच मासे परत परत येतायत.’ नीट बघितलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘डेमो’ लिहिलेलं. दुकानात यंत्र दाखवायला जी नकली चित्रफीत असते, ती चालू होती. खोली सारखी अडतीस फूट. नवऱ्याने फोनवर तलावाचा नकाशा उघडला, तर आम्ही तीनशे फुटांहून जास्त खोल पाण्यावर होतो. एकशेवीस मैल लांबीच्या या तलावाचा चारशे फुटांचा सगळ्यात खोल भाग त्याच बाजूला आहे.

बाबांना पडद्याचं काही कळलं नव्हतं. ते त्याचे हात बघत होते. दोरी कशी सोडतो, बोट लाटेला कशी घालतो. तेही तोवर मला म्हणाले, ‘गो, ह्या माणसाक पाण्याची सवय नाय.’

दोनेक तासांत दक्षिणेचा वारा सुटला. हा तलाव दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेला आहे, त्यामुळे दक्षिण वाऱ्याला मोकळं मैदान मिळतं आणि लाटा बघता बघता चढतात. उघड्या बोटीत पाणी यायला लागलं. त्याने बोट वळवली, धक्क्याला लावली आणि हवामान खराब, परतावा नाही, असं सांगून ट्रेलरवर चढवून निघूनसुद्धा गेला. बर्लिंग्टनचं हवामान कार्यालय या तलावासाठी वारा आणि लाटांचा वेगळा अंदाज रोज देतं. त्या सकाळच्या अंदाजात दुपारनंतरचा वारा स्पष्ट लिहिलेला होता. बँकेत तक्रार केली तर उत्तर मिळालं, झेलने पैसे तुम्हीच पाठवलेत, परत आणता येणार नाहीत.

नवऱ्याच्या ऑफिसातला एक सहकारी चॅम्प्लेनवर वर्षानुवर्षं मासे धरतो. त्याला जाहिरातीतले फोटो दाखवले. त्याने एका नजरेत ओळखलं की ते मासे या तलावातले नाहीतच. काळ्या हिरड्या, शेपटीच्या दोन्ही पात्यांवर ठिपके, म्हणजे चिनूक सॅल्मन, जो लेक ऑन्टॅरिओत वीस-तीस पौंडांचा होतो. चॅम्प्लेनचा लँडलॉक्ड सॅल्मन म्हणजे अटलांटिक सॅल्मनच, फक्त समुद्रात न जाणारा. त्याचं तोंड आतून पांढरं, अंगावर फुलीसारखे ठिपके, शेपटीवर सहसा काहीच नाही, आणि वजन बहुतेक वेळा तीन-पाच पौंड. लेक ट्राउट दाखवत असेल तर गडद अंगावर फिकट ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी बघा. अजून एक खूण त्याने सांगितली. या तलावात लँप्री नावाचा रक्त शोषणारा जीव आहे, १९९० पासून सरकार त्याच्यामागे लागलंय, तरी पुष्कळ माशांच्या कुशीवर त्याचे गोल वण दिसतात. एखाद्याच्या चॅम्प्लेनच्या सगळ्याच्या सगळ्या फोटोंत मासे गुळगुळीत, बिनडागाचे असतील तर जरा थांबा.

बाबा परत जायच्या आधी त्याच सहकाऱ्याने सुचवलेल्या कॅप्टनबरोबर आम्ही पुन्हा गेलो. फोनवर मी पहिलाच प्रश्न परवान्याचा विचारला. त्याला राग आला नाही, त्याने लगेच फोटो पाठवला. कोस्ट गार्डच्या नॅशनल मेरिटाइम सेंटरच्या साइटवर परवाना खरा आहे का ते तपासता येतं, तेही केलं. लायसन्स तुमची तुम्ही काढून या, असं त्यानेच बजावलं. निघण्यापूर्वी जॅकेटं, अग्निशामक, रेडिओ कुठे आहे ते दाखवलं. गोळा शंभर फुटांवर सोडला, वेग ताशी दोन मैलांच्या आसपास ठेवला. वाकलेली काठी एकदम ताठ झाली आणि लगेच पुन्हा खाली गेली, तेव्हा बाबा जागेवरून उठलेच. लेक ट्राउट होता, कुशीवर रुपयाएवढा गोल वण.

कोस्ट गार्डकडे आणि व्हरमाँटच्या ग्राहक मदत विभागाकडे आम्ही लेखी तक्रार दिली आहे. भाडेकराराच्या कागदाचा फोटो, झेलची पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं जोडलंय. ती जाहिरात नंतर गायब झाली आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने, न्यू हॅम्पशरच्या विनिपेसॉकी तलावासाठी, त्याच चिनूकच्या फोटोसह परत आली. तुमच्यापैकी कुणी अशा ट्रिपला जाऊन आला असाल आणि असल्या कागदावर सही केली असेल, तर तो कागद फाडू नका, मेसेज पुसू नका. सही केली म्हणून तक्रार करता येत नाही असं अजिबात नाही. बोट कोण चालवत होता आणि पैसे कुणी घेतले, हे तुम्ही सांगू शकता.