प्रदर्शनासाठी छोटा रेल्वे लेआउट: एनमध्ये फिरती गाडी की एचओमध्ये शंटिंग यार्ड?

पहिल्यांदाच आपल्या मॉडेल रेल्वेचा लेआउट प्रदर्शनात न्यायचा विचार चाललाय आणि जागा कमी आहे, अशा माणसापुढे फिरून फिरून दोनच पर्याय उरतात. एन या लहान स्केलमध्ये गोल फिरणारी लांब गाडी, डोंगर, बोगदा, पूल हे सगळं करायचं, नाहीतर एचओ या मोठ्या स्केलमध्ये एका लांबट फळीवर छोटंसं यार्ड, एक इंजिन, मोजके डबे आणि दिवसभर शंटिंग, म्हणजे डबे पुढे-मागे करून हव्या त्या क्रमाने लावणं. दोन्ही कारच्या मागच्या सीटवर आणि डिकीत मावतात, दोन्ही काही महिन्यांत उभे राहतात, आणि म्हणूनच ठरवताना गोंधळ होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेआउट सांभाळायला एकटेच असाल तर एन घ्या, दोघं-तिघं असाल तर एचओचं यार्ड करा. जागा किती वाचते यावर स्केल ठरवू नका. दिवसभर न अडता काय चालेल आणि हातभर लांब उभ्या माणसाला काय दिसेल, या दोन गोष्टींवर ठरवा.

आता आकडे बघू, कारण सगळी भानगड त्यातच आहे. एन म्हणजे १:१६० (खऱ्या गाडीच्या १६० पट लहान), रुळांमधलं अंतर ९ मिमी. एचओ म्हणजे १:८७, अंतर १६.५ मिमी. ब्रिटिश मॉडेल घेत असाल तर एन १:१४८ असतं आणि एचओच्या जागी ओओ म्हणजे १:७६, पण रूळ तेच ९ आणि १६.५ चे, त्यामुळे खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तिथेही लागू होतं. लोक म्हणतात की एन म्हणजे एचओच्या निम्मं. लांबीपुरतं ते जवळपास खरं आहे, पण क्षेत्रफळ ३० टक्क्यांच्याही खाली जातं आणि वजन पडतं साधारण सहावा हिस्सा. रुळावरची धूळ मात्र दोन्हीकडे तेवढीच, ती काही स्केलप्रमाणे लहान होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

गाडीची लांबी बघा. २३ मीटरचा प्रवासी डबा एचओत २६ सेमीचा होतो, एनमध्ये १४ सेमीचा. दहा डबे आणि इंजिन जोडलं की एचओची गाडी पावणेतीन मीटरच्या वर जाते, एनची दीड मीटरच्या आसपास राहते. आता तुमच्या लेआउटचं तोंड २.४ मीटरचं धरा, म्हणजे १.२ मीटरचे दोन बेसबोर्ड (रूळ टाकायच्या फळ्या). एनची गाडी त्यात पूर्ण दिसते आणि पुढे-मागे मोकळी जागाही उरते, बोगद्यातून इंजिन बाहेर येतं, मागून डबे येत राहतात, शेवटचा डबा निघाला की पूर्ण गाडी मोकळ्या रानातून जाताना दिसते. एचओची तीच गाडी लेआउटपेक्षाच लांब, म्हणजे तोंड पुढच्या बोगद्यात गेलं तरी शेपूट मागच्या बोगद्यातच.

वळणांचंही तसंच. ७५ सेमी रुंदीच्या फळीवर एनला ३३-३५ सेमी त्रिज्येचं वळण आरामात बसतं आणि लांब डबे त्यावर चांगले दिसतात. एचओत तितकंच सैल दिसणारं वळण हवं तर ६० सेमीच्या पुढे जावं लागतं, म्हणजे फळी झाली १.३ मीटर रुंद, मग मधे घसरलेल्या डब्याला हात पोचत नाही आणि फळी दारातून आडवी-तिरकी करून काढावी लागते. तयार सेट-ट्रॅकमध्ये ४३८ मिमीचं वळण मिळतं, गाडी जाते त्यावरून, पण लांब डब्यांची टोकं रुळाच्या इतकी बाहेर लोंबतात की समोर उभ्या माणसाचं पहिलं लक्ष तिकडेच जातं. म्हणून छोट्या जागेत एचओचा गोल मी तुलनेतच धरलेला नाही. एचओ करायचंय तर छोटे डबे आणि शंटिंग.

शंटिंगसाठी सगळ्यात चांगला आराखडा अजूनही इंगलनूकच, ॲलन राइट यांचा. तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), एकात पाच डबे मावतात, दोनात तीन-तीन, आणि पुढच्या तुकड्यात इंजिन अधिक तीन डबे. डबे एकूण आठ. चिठ्ठ्या टाकून पाच डबे निवडायचे आणि निघालेल्या क्रमानेच त्यांची गाडी लावायची. आठातून पाच डबे क्रमाने निवडायचे ६७२० प्रकार होतात, त्यामुळे दिवसभरात तोच खेळ परत येण्याची शक्यता फार कमी. एचओतले दोन धुऱ्यांचे छोटे वॅगन वापरले तर दोन पॉईंट (रूळ बदलायचे सांधे) धरून हे सगळं दीड मीटरच्या आसपास बसतं, फळीची रुंदी ३०-४० सेमी असली तरी पुरते.

आणि लोकांना हे फार आवडतं. चिठ्ठी एखाद्या लहान मुलाला काढू द्या, मग ते मूल हलत नाही. टाकीचा डबा सगळ्यात मागे अडकलाय, त्याच्या पुढचे दोन काढून दुसऱ्या सायडिंगला ठेवायचे, परत यायचं, टाकी ओढायची, आणि मधेच ते मूल ओरडून सांगतं की नाही नाही, आधी तो लाल डबा. आई-बापही थांबतात. गोल फिरणाऱ्या गाडीपुढे माणूस एक-दोन फेऱ्या बघतो आणि पुढे सरकतो, इथे गाडी लागेपर्यंत उभा राहतो.

मग सगळ्यांनी यार्डच का करू नये? कारण ते चालवायला माणूस लागतो, सतत. कोणी विचारलं की हे झाड कशाचं केलंय, तर तुम्ही उत्तर देईपर्यंत इंजिन उभं. जेवायला गेलात तर इंजिन उभं. थांबलेल्या लेआउटपुढे कोणी थांबत नाही. दोघं असाल तर एक चालवतो आणि एक बोलतो, मग यार्डासारखी मजा कशातच नाही, पण एकट्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत शंटिंग करणं फार दमवणारं काम आहे. एनच्या गोलात तसं नाही, अप आणि डाऊन दोन्ही रुळांवर गाड्या सोडून द्यायच्या आणि लोकांशी निवांत बोलायचं. फक्त तीच गाडी फिरवत ठेवू नका. मागच्या बाजूला पडद्याआड फिडल यार्ड ठेवा, चार-सहा गाड्या उभ्या राहतील एवढं, आणि दोन फेऱ्या झाल्या की गाडी बदला. मालगाडी गेली, आता काय येतंय याची वाट बघायला लागली की माणसं थांबतात.

आता वजनाकडे येऊ. इंजिनाला वीज मिळते ती चाक आणि रूळ यांच्या टेकण्यातून, आणि चाक जितकं दाबून टेकेल तितकी ती धुळीतून पोचते. एनचं इंजिन हलकं, त्यामुळे त्याच धुळीत ते आधी अडकतं. पण चालू वेगात फ्लायव्हीलच्या (मोटरवरच्या जड फिरत्या चाकाच्या) जोरावर ते असले ठिपके ओलांडून जातं, तुम्हाला कळतही नाही. खरा त्रास होतो हळू चालवताना. यार्डातलं इंजिन ताशी १० किलोमीटरने चालतं धरलं तर एचओत ते सेकंदाला ३ सेमी होतं आणि एनमध्ये १.७ सेमी. एवढ्या रांगत्या वेगात एनचं हलकं इंजिन पॉईंटवर येऊन थांबतं, मग बोटाने ढकला, आणि लोकांसमोर वरून बोट येणं म्हणजे सगळा भास गेला. एचओच्या इंजिनात वजन असतं, शिवाय स्टे-अलाइव्ह कपॅसिटर बसवायला जागा असते, जो वीज तुटली तरी क्षणभर मोटर चालू ठेवतो. एनमध्येही बसवतात पण जागा शोधताना जीव जातो.

डब्यांचंही वजन बघा. अमेरिकेतल्या एनएमआरए संस्थेची जी शिफारस आहे तिच्याप्रमाणे १५ सेमीचा एचओ वॅगन साधारण ११३ ग्रॅमचा हवा आणि तोच वॅगन एनमध्ये साधारण २८ ग्रॅमचा. २८ ग्रॅमच्या डब्याला इंजिनाने हलकेच टेकून कपलर (डबे जोडणारा आकडा) जोडायला गेलं की जोडण्याऐवजी डबाच पुढे पळतो. एचओत केडी कंपनीचे कपलर आणि रुळाखाली चुंबक, एवढ्यावर हात न लावता डबे सुटतात-जुळतात. एकूण शंटिंग एचओतच सुखाने होतं, लांब धावणं एनमध्ये. मला तरी हाच या निवडीतला सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो आणि आराखडे बघत बसताना नेमका तोच सुटतो.

एनमध्येही गाड्या अति वेगात पळवू नका हो, हे अगदी मनापासून सांगतोय. ताशी १०० किलोमीटर म्हणजे एनमध्ये सेकंदाला १७ सेमी, म्हणजे २.४ मीटरचं तोंड पार करायला १४ सेकंद. घड्याळ लावून बघा. मालगाडी ताशी ४० ने सोडली तर अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागतो आणि ती किती देखणी दिसते ते बघाच एकदा.

दोन बेसबोर्ड जिथे जुळतात तो सांधा दोन्ही स्केलमध्ये महत्त्वाचा, पण एनमध्ये जीवघेणा. अर्ध्या मिमीचा फरक एचओचं चाक बहुतेक वेळा सोसून नेतं, एनचं नेत नाही. क्रम असा ठेवा: आधी दोन्ही चौकटींमध्ये पितळी डॉवेल (एकमेकांत बसणाऱ्या खुंट्या) बसवा आणि फळ्या बोल्टने घट्ट आवळा, मग सांध्यावरून रूळ अखंड टाका, सांध्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्टीचे स्लीपर फळीला चिकटवा आणि स्क्रू मारा, रूळ त्यांवर सोल्डर करा, आणि सगळ्यात शेवटी पातळ कटिंग डिस्कने रूळ बरोबर सांध्यावर कापा. त्या स्लीपरच्या तांब्यात मधे एक खाच पाडायला विसरू नका, नाहीतर दोन्ही रूळ तिथेच शॉर्ट होतील. नेताना रुळांची टोकं झाकायला फळीचे तुकडे स्क्रूने लावा. प्लायवुड सगळ्या बाजूंनी वार्निश करून ठेवा, दमट हवेत फुगलं तर जुळलेला सांधा परत हलतो. इंगलनूक एकाच फळीवर बसलं तर हा प्रश्नच येत नाही, एचओच्या बाजूचा हा मोठा गुण.

सुतारकाम नकोच असेल तर एनमध्ये टी-ट्रॅक बघा. टेबलावर ठेवायचे छोटे मॉड्यूल, एकेरी मॉड्यूल ३०८ मिमी रुंद, काटो कंपनीचा युनिट्रॅक हा तयार रूळ, दोन मार्गांत ३३ मिमी अंतर, आणि मॉड्यूल एकमेकांना रुळाच्या जोडणीनेच धरून राहतात. तुमचे दोन मॉड्यूल इतरांच्या वीस मॉड्यूलमध्ये जाऊन बसतात, म्हणजे पहिल्याच प्रदर्शनात तुमची गाडी मोठ्या लेआउटवर धावते. एचओत युरोपमध्ये फ्रेमो या संघटनेचे मॉड्यूल तसेच जोडतात, पण तिथे टाइमटेबल लावून खऱ्यासारखी वाहतूक चालवण्यावर भर असतो आणि जागाही हॉलभर लागते.

दिसण्याबद्दल. पावणेदोन मीटरचा माणूस एचओत २० मिमीचा, एनमध्ये ११ मिमीचा. मीटरभर लांबून एचओतला हमाल काय उचलतोय ते कळतं, भिंतीवरचा ओघळ, दरवाज्याची कडी, सगळं दिसतं. एनमध्ये माणूस म्हणजे रंगाचा ठिपका. उलट ५० मीटरचा कडा एनमध्ये ३१ सेमीत उभा राहतो आणि गाडी त्याच्या पायथ्याशी लहान दिसते, हे एचओत करायला ५७ सेमीचा डोंगर लागेल, तो न्यायचा कसा? तुमचा हात बारीक कामात रमत असेल तर एचओ, मोकळ्या निसर्गात रमत असेल तर एन.

वायरिंगला फार वेळ घालवत नाही. एनच्या गोलाला साधं डीसी (रुळातल्या विजेचा दाब कमी-जास्त करून वेग बदलायचा) पुरतं, प्रत्येक रुळाला एक कंट्रोलर. यार्डात इंजिनाचा आवाज हवा असेल तर डीसीसी (इंजिनाला रुळातून डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) घ्या, एचओत स्पीकरला जागा असते. डीसीसी असेल तर लेआउटच्या सगळ्यात लांबच्या टोकाला दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवून बघा, सिस्टिमने लगेच पुरवठा तोडला पाहिजे, नाही तोडला तर वायर बारीक आहे. आणि दोन्हीकडे पॉईंटचा फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) लाइव्ह म्हणजे वीज असलेला ठेवा, यार्डात तर नक्कीच.

टीटी हे स्केल १:१२०, रूळ १२ मिमी, दोन्हीच्या मधलं. हॉर्नबी कंपनीने २०२२ मध्ये त्यात उडी घेतल्यापासून चर्चा वाढलीय, पण इंजिन-डब्यांचे पर्याय एन आणि एचओइतके अजून नाहीत. झेड १:२२० सुटकेसमध्ये मावतं, मार्कलिन कंपनीने ते १९७२ मध्ये आणलं, पण वजनाचा आणि धुळीचा त्रास तिथे आणखी वाढतो, पहिल्या प्रदर्शनासाठी नको.

नाव नोंदवायच्या आधी एक टेस्ट मात्र कराच. लेआउट पूर्ण सुटा करा, कारमध्ये भरून एक चक्कर मारून आणा, परत जोडा आणि सलग चार तास चालवा. एन असेल तर प्रत्येक गाडी सांध्यावरून दोन्ही दिशांनी जाऊ द्या आणि कुठला डबा कुठे घसरतो ते कागदावर लिहा. तोच डबा सगळीकडे घसरत असेल तर चाकांमधलं अंतर गेजने तपासा, सगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर रूळ दुरुस्त करा. एचओ यार्ड असेल तर सगळे आठ डबे प्रत्येक चुंबकावर सोडवून बघा आणि जो अडतो त्याच्या कपलरची उंची गेज लावून नीट करा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं सुती कापड, एक जादा इंजिन, एक जादा कंट्रोलर आणि सोल्डरिंग गन हे सामान दोन्हीकडे सारखंच लागतं.